कामाचा युरोप, दोघांचा युरोप: व्यापारमेळ्याला जोडून सहल कशी आखावी

जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकची चटई आणि पाईप तयार करणाऱ्या कारखानदारांना जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ हे नाव परके नाही. प्लॅस्टिक आणि रबर उद्योगाचा ‘के’ हा मेळा तेथे १९५२ पासून भरत आला आहे. हल्ली तो दर तीन वर्षांनी येतो आणि अलीकडचा मेळा ८ ते १५ ऑक्टोबर २०२५ या दिवसांत झाला. खाद्यपदार्थांच्या व्यापाऱ्यांसाठी कोलोनचा ‘अनुगा’ आणि पॅरिसचा ‘सियाल’, ताज्या फळांच्या निर्यातदारांसाठी बर्लिनचा ‘फ्रूट लॉजिस्टिका’, शेती अवजारांसाठी हॅनोव्हरचा ‘अ‍ॅग्रीटेक्निका’ असे मेळे आहेत, आणि केळी, डाळ व ठिबक यांच्या या मुलखातून तेथे जाण्याचे कारण कोणाला ना कोणाला पडतेच. अशा वेळी घरात एक प्रश्न हमखास निघतो: एवढे भाडे भरून जायचेच आहे, तर दोघांनी मिळून का जाऊ नये?

जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. यजमानांबरोबर मी दोनदा ड्युसेलडॉर्फला आणि एकदा मिलानला जाऊन आले आहे. पहिल्या प्रवासात मेळ्याचे चारही दिवस मी हॉटेलच्या खोलीत बसून काढले, कारण आम्ही दोघांनी महिनाभर खपून केवळ मेळ्यानंतरच्या सहा दिवसांची आखणी केली होती. ज्या दिवसांत एकजण कामावर असतो आणि दुसरा मोकळा असतो, त्या दिवसांचे काय, हे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आले नव्हते. संध्याकाळी ते दमून परत येत, मी कंटाळून गेलेली असे, आणि पुढचे सहा दिवस कितीही चांगले गेले तरी त्या चार दिवसांची भरपाई झाली नाही. पुढच्या दोन्ही वेळी आम्ही क्रम उलटा केला. आधी मोकळ्या माणसाचे दिवस आखले, मग दोघांच्या संध्याकाळी, आणि सर्वांत शेवटी जोडून घेतलेली सहल. सोबत जाणारी पत्नी असो, किंवा पत्नी उद्योजिका आणि सोबत जाणारा पती असो, क्रम हाच ठेवावा.

व्हिसा आणि कागदपत्रे

शेंगेन करारातील २९ देशांसाठी एकच व्हिसा चालतो. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात येत नाहीत, म्हणून लंडन जोडायचे असेल तर वेगळा व्हिसा, वेगळा खर्च आणि वेगळी प्रतीक्षा गृहीत धरावी. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, याचा नियम साधा आहे. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त किंवा जो देश प्रवासाच्या मुख्य हेतूचा, त्याच्याकडे अर्ज करावा. दिवस समसमान असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होणार त्याच्याकडे. म्हणून मेळ्याचे सहा दिवस जर्मनीत असताना पॅरिसला आठ दिवस जोडण्याचा मोह टाळावा. मेळ्याच्या देशातील रात्री जास्त राहतील अशीच आखणी केली, तर दोन्ही कसोट्या एकाच देशाकडे बोट दाखवतात आणि अधिकाऱ्याला शंका घेण्यास जागा उरत नाही.

प्रौढ व्यक्तीसाठी व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि व्हिसा अर्ज केंद्राची सेवा फी त्यावर वेगळी पडते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो पोहोचावाच लागतो. पण एवढ्या काठावर जाऊ नये, कारण निर्णयाची पंधरा दिवसांची मुदत काही प्रकरणांत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. भेटीची वेळ मिळताच मुंबईचे रेल्वे आरक्षण करून ठेवावे, कारण बोटांचे ठसे देण्यासाठी दोघांनाही प्रत्यक्ष जावे लागते. हे ठसे ५९ महिने जपले जातात, त्यामुळे पाच वर्षांच्या आत पुन्हा जाणाऱ्यांना बहुतेक वेळा नव्याने द्यावे लागत नाहीत.

पती-पत्नींचे अर्ज स्वतंत्र असतात, पण दोन्हींमध्ये एकच कथा दिसली पाहिजे. कामाला जाणाऱ्याच्या अर्जात मेळ्याचे प्रवेशपत्र, यंत्र-उत्पादकाचे निमंत्रण, उद्योगाची नोंदणी आणि आयकर विवरणपत्रे असावीत. सोबतच्या व्यक्तीचा हेतू पर्यटन असा प्रामाणिकपणे लिहावा आणि त्यासोबत विवाहाचा दाखला, तसेच खर्च कोण करणार याचे पत्र जोडावे. आपल्याकडे कितीतरी स्त्रियांच्या पासपोर्टवर माहेरचे नाव आणि बँकेच्या खात्यावर सासरचे नाव असते. ही तफावत विवाहाच्या दाखल्याने सुटते, म्हणून तो दाखला इंग्रजीत नसेल तर त्याचे भाषांतर वेळेवर करून घ्यावे. कव्हरिंग लेटरमध्ये तारखेनुसार प्रत्येक दिवस लिहावा: या दिवशी मेळा, या दिवशी कारखान्याला भेट, या दिवसापासून पर्यटन. सहलीचे दिवस लपवून केवळ कामाचेच दाखवणे हा चुकीचा आणि निष्कारण घातक मार्ग आहे; कामाला पर्यटन जोडण्यास व्हिसाच्या नियमांची आडकाठी नाही.

निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. येथे एक गोष्ट नीट तपासावी. फर्मच्या नावाने काढलेला प्रवास-विमा पुष्कळदा कामाच्या तारखांपुरताच असतो आणि सोबतच्या व्यक्तीला तो लागू नसतो. दोघांचा विमा घरून निघाल्यापासून परत येईपर्यंतच्या प्रत्येक दिवसाचा असावा.

भारतीयांसाठी १८ एप्रिल २०२४ पासून एक सवलत लागू झाली आहे: मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेक-प्रवेशी व्हिसा मिळू शकतो. वारंवार यंत्रे पाहायला जाणाऱ्या उद्योजकाने म्हणूनच जुना पासपोर्ट टाकून देऊ नये. मुक्कामाची मर्यादा मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस हीच राहते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याऐवजी छायाचित्र आणि ठसे नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे युरोपात विमान बदलायचे असल्यास दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये.

खर्चाची विभागणी घरातूनच करून निघावे

आयकराच्या दृष्टीने व्यवसायाचा खर्च तोच, जो संपूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झाला. वैयक्तिक खर्च त्यात बसत नाही. उद्योजकाचे विमानभाडे, मेळ्याच्या दिवसांतील हॉटेल, प्रवेशपत्र हा खर्च फर्मच्या खात्यातून करावा; सोबतच्या व्यक्तीचे तिकीट आणि जोडलेल्या दिवसांचा सगळा खर्च घरच्या खात्यातून करावा. याचा व्यवहारातला अर्थ असा, की दोन तिकिटांची दोन बिले घ्यावीत, हॉटेलचे आरक्षण मेळ्याच्या शेवटच्या रात्री तोडून पुढचे आरक्षण वेगळे करावे, आणि दोन निरनिराळी कार्डे वापरावीत. पत्नी फर्ममध्ये भागीदार असेल, मेळ्यात प्रत्यक्ष काम करणार असेल आणि तसे कागदोपत्री दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. पण तो निर्णय प्रवासाआधी आपल्या सीएला विचारून घ्यावा, परत आल्यावर नव्हे. आमचे हिशेब मी पाहते, म्हणून हे आग्रहाने सांगते: एकाच बिलात मिसळलेला खर्च नंतर वेगळा करणे फार जिकिरीचे होते.

मेळ्याचे दिवस

मोठ्या मेळ्याच्या आठवड्यात ड्युसेलडॉर्फमधील हॉटेलांचे दर एरवीच्या कितीतरी पट होतात. आरक्षण वर्षभर आधी करावे, आणि शहरात परवडत नसेल तर ड्युइसबर्ग, एसेन, वुपरटाल किंवा कोलोन येथे राहावे. रेल्वेचे जाळे दाट असल्याने ये-जा सोपी आहे. राहण्याची जागा निवडताना मेळ्याच्या जवळ राहण्याचा हट्ट नसावा. मेळ्याचे मैदान बहुधा शहराबाहेर असते, ड्युसेलडॉर्फला ते उत्तरेकडे आहे आणि मिलानला तर रो नावाच्या वेगळ्या गावी, जेथे मेट्रोची लाल रेषा संपते. तेथे राहिले तर काम करणाऱ्याची वीस मिनिटे वाचतात आणि मोकळ्या माणसाचा अख्खा दिवस अडकून पडतो. मुख्य रेल्वे स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या आत राहावे, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

पहिल्या दिवशी दोघांनी मिळून मेळ्याच्या दारापर्यंत जावे. ड्युसेलडॉर्फला मुख्य स्थानकातून यू-७८ ही गाडी थेट मेळ्यापर्यंत नेते. तेथून मोकळ्या माणसाने एकट्याने परत यावे. यात तिकीट यंत्रातून तिकीट काढणे, ते छोट्या यंत्रात घालून छापून घेणे, फलाटाची दिशा ओळखणे, हे सगळे एकदा स्वतःच्या हाताने होते आणि मनातली भीती जाते. तिकीट छापून घेण्यास विसरू नये, कारण जर्मनीत वैध तिकिटाशिवाय सापडल्यास ६० युरो दंड आहे आणि आपण परदेशी आहोत हे कारण चालत नाही.

दुसऱ्या दिवशी कोलोनला जावे. रेल्वेने अर्धा तास लागतो आणि स्थानकाच्या दाराबाहेर पाऊल टाकताच कॅथेड्रल समोर उभे ठाकते, इतके जवळ की रस्ता चुकण्याचा प्रश्नच येत नाही. या इमारतीचा पाया १२४८ मध्ये घातला गेला, मधली काही शतके काम थांबून राहिले आणि ती १८८० मध्ये पुरी झाली. तिची उंची १५७ मीटर आहे. दक्षिण मनोऱ्यात ५३३ पायऱ्या चढून जाता येते. मनुदेवीची किंवा पाटणादेवीची वाट पायी केलेल्यांना त्या जड जाणार नाहीत, मात्र गुडघे दुखत असतील तर खालीच रंगीत काचांच्या खिडक्यांपाशी बसावे. सकाळी जाऊन दुपारी चारपर्यंत परत यावे, म्हणजे संध्याकाळसाठी अंगात बळ राहते.

तिसरा दिवस वुपरटालचा. वुपर नदीच्या वर लोखंडी कमानींना टांगलेल्या रुळाखालून लोंबकळत धावणारी रेल्वे तेथे १९०१ पासून चालू आहे आणि तिचा मार्ग १३.३ किलोमीटरांचा आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बसून जाण्यास अर्धा तास लागतो. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात वाढलेल्या माणसाला हा अर्धा तास राजवाड्यांपेक्षाही अधिक आवडेल, अशी मला खात्री आहे; माझे माहेर भुसावळचे आहे आणि मी त्या गाडीत दोन फेऱ्या केल्या.

वार पाहून दिवस ठरवावेत. जर्मनीत बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि रविवारी दुकाने बंद असतात. मोठ्या स्थानकांतील दुकाने तेवढी उघडी सापडतात. मिलानमधील लिओनार्दो दा विंची यांचे ‘शेवटचे भोजन’ हे भित्तिचित्रही सोमवारी पाहता येत नाही, एरवीही आत पंधराच मिनिटे थांबू देतात आणि तिकीट कित्येक आठवडे आधी काढावे लागते. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तर ऑर्से संग्रहालय सोमवारी.

आणखी एक सुचवावेसे वाटते. मेळ्यातला एक पूर्ण दिवस सोबतच्या व्यक्तीने यजमानांबरोबर घालवावा. एका दिवसाचे प्रवेशपत्र मिळते. ज्या यंत्राच्या कर्जाचे हप्ते आपण घरी मोजत असतो, ते यंत्र चालताना पाहिले, त्याच्या उत्पादकाशी बोलणे ऐकले, की आपल्या कारखान्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. दुसऱ्या प्रवासात सुट्या भागांच्या दरांविषयीचा एक प्रश्न मी विचारला आणि पुढे तोच आमच्या व्यवहारात कामाला आला.

संध्याकाळचा हिशेब ऋतूप्रमाणे करावा. जूनमध्ये ड्युसेलडॉर्फला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे मेळा सहाला संपल्यावरही जवळजवळ चार तास उजेड हाती असतो आणि नदीकाठ, बागा, जुन्या गल्ल्या निवांत पाहता येतात. ऑक्टोबरच्या मध्यास मात्र साडेसहानंतर अंधार पडतो आणि महिन्याच्या अखेरच्या रविवारी घड्याळ एक तास मागे गेल्यावर तो पाचच्या पुढे लगेच दाटतो. तेव्हा संध्याकाळसाठी दिव्यांच्या जागा राखाव्यात. ड्युसेलडॉर्फला ऱ्हाईन नदीच्या काठी २४० मीटर उंचीचा मनोरा आहे, त्याच्या दांड्यावरचे दिवे घड्याळासारखी वेळ दाखवतात. वर जाऊन शहर पाहावे आणि मग काठाने चालत परतावे. तेथे आम्ही दोघे मोठ्याने लेवा बोलीत बोलत चाललो होतो, मेळ्यातला दिवस त्यांनी सांगितला, वुपरटालचा मी सांगितला, आणि समोर एवढी मोठी भरलेली नदी पाहून दोघांनाही हतनूर धरणाच्या खालची तापी आठवली. पॅरिसला काम असेल तर लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, ऑर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत उघडे असते. कामाच्या दिवसातही दोघांना मिळून चित्रे पाहण्याची ही उत्तम सोय आहे.

आठवड्यातील एखादी संध्याकाळ व्यावसायिक जेवणात जाते. निमंत्रण जोडीने आहे की एकट्याला, हे यजमान कंपनीला आधीच सरळ विचारावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. शाकाहाराची सूचनाही त्याच वेळी द्यावी आणि सांगितलेल्या वेळेला पाच मिनिटे आधी पोहोचावे.

जोडलेले दिवस

मेळ्याच्या आधी दोन दिवस पोहोचावे आणि उरलेली सहल मेळ्यानंतर करावी. आधीचे दोन दिवस शरीराला नव्या वेळेची सवय होण्यासाठी आहेत. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक फार वाटत नाही, पण पहिल्या रात्री झोप पहाटे तीनला उडते. दूरचे शहर मेळ्याआधी घेऊ नये, कारण एखादा रेल्वे संप किंवा चुकलेली गाडी सगळ्या प्रवासाच्या मूळ कामावर पाणी फिरवू शकते. शिवाय काम उरकलेल्या माणसाचे मन मोकळे असते आणि त्याच्याबरोबर फिरण्यात गोडी असते.

पाच दिवसांत एकच शहर करावे, फार तर दोन. आमच्या पहिल्या सहलीत एका प्रवास कंपनीने सहा दिवसांत चार देश बसवून दिले होते आणि मला त्यातल्या बसच्या खिडक्याच जास्त आठवतात. कोलोनहून रेल्वेने ब्रसेल्स दोन तासांच्या आत, अ‍ॅमस्टरडॅम पावणेतीन तासांच्या आसपास आणि पॅरिस सव्वातीन-साडेतीन तासांवर आहे. यांपैकी एक निवडावे. ज्यांना शहरांचा शीण आला आहे, त्यांनी कोब्लेन्झ ते बिंगेन हा ऱ्हाईनचा ६५ किलोमीटरांचा टापू धरावा, जो २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. दोन्ही तीरांवर टेकड्यांवरचे किल्ले आणि उतारांवर द्राक्षमळे आहेत. कोलोनकडून जाताना नदी डाव्या हाताला येते, म्हणून डाव्या खिडकीची जागा घ्यावी. ऑक्टोबर संपला की नदीतील बोटींच्या फेऱ्या फार कमी होतात, तेव्हा रेल्वेच बरी.

अ‍ॅमस्टरडॅममधील अ‍ॅन फ्रँक यांच्या घराची तिकिटे केवळ ऑनलाइन मिळतात आणि दर मंगळवारी पुढील सहाव्या आठवड्याची खुली होतात. तेथील सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच. त्या शहरात हॉटेलच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटन कर लागतो, तो अंदाजपत्रकात धरावा.

विमानाचे तिकीट एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याचे घ्यावे, म्हणजे शेवटचा दिवस उलटा प्रवास करण्यात जात नाही. युरोपीय संघातील एका देशात घेतलेले सिमकार्ड संघाच्या इतर देशांतही चालते. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असला तरी संघात नाही, म्हणून तेथे जायचे असल्यास सिम घेतानाच विचारावे. तातडीच्या मदतीसाठी सर्वत्र ११२ हा एकच क्रमांक आहे.

शिदोरी आणि दागिने

युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, त्यामुळे पेढे, खवा आणि तूपही बॅगेत ठेवू नये. ताजी फळे नेण्यासही प्रमाणपत्र लागते, पण अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी ही पाच फळे त्या अटीतून वगळलेली आहेत. आपल्या जळगावच्या केळीला ही मोकळीक आहे हे वाचून मला फार आनंद झाला होता. तरी बॅगेत ती टिकत नाहीत, म्हणून केळीचे वेफर्स न्यावेत. कोरडी चटणी, शेव, भाजलेले पीठ, खिचडीसाठी डाळ-तांदूळ एवढे पुरते. हॉटेलच्या खोलीत शेगडी लावू नये, धुराची सूचना देणारी यंत्रे लगेच वाजतात. त्याऐवजी जोडलेल्या दिवसांत स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. फिरून आल्यावर गरम खिचडी आणि त्यावर शेव मिळाली, की दुसऱ्या दिवशीचे चालणे सुखाचे होते. कडक शाकाहारी असणाऱ्यांनी इटलीतील पार्मेसान चीजबद्दल सावध राहावे. ते तयार करताना वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरतात.

सुवर्णनगरी जळगावातून निघताना अंगावर सोने असणारच. तरीही छोटे मंगळसूत्र आणि एखादी अंगठी एवढेच ठेवावे, कारण पॅरिसची मेट्रो आणि मिलानचे मुख्य स्थानक येथे खिसेकापूंचा उपद्रव आहे. अधिक दागिने न्यायचेच असतील, तर जाताना मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ते आपलेच आहेत हे सिद्ध करावे लागत नाही.

परतीच्या खरेदीवरील कर संघाबाहेरच्या रहिवाशांना परत मिळतो. त्यासाठी जर्मनीत एका बिलाची रक्कम ५० युरोंहून, इटलीत ७० आणि फ्रान्समध्ये १०० युरोंहून अधिक असावी लागते. दुकानातच पासपोर्ट दाखवून अर्ज भरून घ्यावा आणि संघातून ज्या विमानतळावरून बाहेर पडणार तेथे सीमाशुल्काची मोहोर घ्यावी. वस्तू दाखवाव्या लागू शकतात, म्हणून हे काम बॅगा विमान कंपनीकडे सोपवण्याच्या आधी करावे आणि त्यासाठी एक तास वेगळा राखावा. मुंबईला उतरल्यावर जळगावची गाडी पकडायची असेल, तर विमानाच्या नियोजित वेळेनंतर निदान सहा तासांचे अंतर ठेवून आरक्षण करावे. जाताना मात्र आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचावे, विशेषतः पावसाळ्यात, कारण कसारा घाटात गाडी अडली तर विमान थांबत नाही.